देव्हाऱ्याशेजारची छडी : किनाऱ्यावरच्या एका कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावातलं. गाव, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. तालुक्यातल्या शाळांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची समुपदेशक म्हणून मी यात होते. शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई यांना उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे. मुलांना मार बसणं आपल्याकडे नवीन नाही. पण मारणं हे पुण्यकर्म आहे असं आईबापांच्या मनावर बिंबवलं गेलं, की त्यांचं त्यांना थांबता येत नाही. ते इथे फार जवळून दिसलं.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं. वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, वय पस्तिशीचं. आई बंदरावर लिलाव झाला की टोपली घेऊन आतल्या वाड्यांमध्ये मासळी विकायला जाते. वडिलांची आई, म्हणजे आजी. मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. त्याला आपण निलेश म्हणू. धाकटी पाच वर्षांची, अंगणवाडीत.

वडिलांना पूर्वी दारूचं व्यसन होतं. हंगामाचा हिशोब झाला की पैसे घरी पोचायचेच नाहीत. मग गावात दर रविवारी एक अध्यात्मिक बैठक भरू लागली, बोटीवरच्या एका सोबत्याने त्यांना तिथे नेलं, आणि दारू सुटली. आईचं गहाण पडलेलं मंगळसूत्र सुटलं, घराला पक्क्या भिंती आल्या. हे आधी सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. ज्या बैठकीने नवरा परत दिला, तिचं एखादं सांगणं चुकीचं असू शकतं हा विचार आईच्या मनाला शिवलाही नव्हता. आजीच्या तर नाहीच.

या बैठकीत बालसंस्कारांवरची एक पातळ पुस्तिका वाटली जाते. तिच्यातलं शिस्तीवरचं प्रकरण मी वाचलं. रागाच्या भरात मुलाला मारू नये, असं त्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे, आणि वाचणाऱ्याला तेवढ्यानेच बरं वाटतं. पुढे पद्धत दिली आहे. छडी घरात वेगळी, पवित्र जागी ठेवावी. आधी नामस्मरण करून मन शांत करावं. किती फटके ते मुलाला सांगावं, आणि मुलाने ते स्वतः मोजावेत. पाठीवर किंवा पोटऱ्यांवर मारावं, डोक्यावर नाही. मुलाने आवाज करू नये; केला तर मोजणी पुन्हा एकपासून. शेवटी मुलाने पाया पडून ‘माझं भलं केलंत’ म्हणावं आणि मोठ्यांनी त्याला जवळ घ्यावं.

निलेशच्या घरी चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची छडी देव्हाऱ्याच्या डाव्या अंगाला खुंटीवर असायची. तिला हळदकुंकू लावलेलं होतं.

प्रश्न कसा समोर आला

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली. जुलैत एके दिवशी गृहपाठ न केल्याबद्दल बाई वर्गावर जरा चढ्या आवाजात बोलल्या. निलेश जागेवरून उठला, फळ्यापाशी आला, पाठ वळवून वाकून उभा राहिला. बाई गोंधळून गप्प राहिल्या. काहीच झालं नाही म्हटल्यावर तो वळला, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि ‘माझं भलं केलंत’ म्हणाला. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मधल्या सुट्टीत त्याला काही विचारलं नाही, फक्त शेजारी बसवून डबा खायला लावला आणि संध्याकाळी मला फोन केला.

त्याच आठवड्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येणार होतं. मुलाला वेगळं न काढता नेहमीच्या तपासणीतच डॉक्टरांनी त्याला पाहिलं. दोन्ही पोटऱ्यांवर आडवे वळ होते: काही ताजे, लालसर, काही पिवळे पडलेले, काही नुसत्या काळपट रेषा. एकाच दिवसाचा मार नव्हता तो.

कारण विचारल्यावर निलेशने लगेच सांगितलं, लपवावं असं काही आहे हेच त्याच्या गावी नव्हतं. तो रात्री अंथरूण ओलं करत होता.

इथे किनाऱ्याचा पावसाळा लक्षात घ्यावा लागतो. राज्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एरवी आठ-आठ दिवस दर्यावर असणारे वडील या दोन महिन्यांत रोज घरी असतात. आणि याच दोन महिन्यांत कोकणात काही वाळत नाही. उन्हाळ्यात आई पहाटे उठून ओली गोधडी धुवायची, ती दुपारपर्यंत खडकावर वाळायची, संध्याकाळी घडी घालून जागेवर. कुणाला पत्ता नाही. जूनपासून तीच गोधडी चुलीवरच्या दांडीला दोन-दोन दिवस लोंबकळत राहायची, घरभर वास यायचा, आणि वडिलांना सकाळी उठल्याउठल्या कळायचं. बंदीच्या काळात मार का वाढला, याचं उत्तर इतकं साधं होतं.

पुस्तिकेत या सवयीला आळस आणि इंद्रियनिग्रहाचा अभाव म्हटलं आहे. म्हणजे जी गोष्ट मूल झोपेत करतं, जिच्यावर त्याचा ताबाच नाही, तिच्यासाठी त्याला फटके मोजावे लागत होते. मार बसणार या भीतीने तो झोपायला घाबरायचा, उशिरापर्यंत जागायचा, मग गाढ झोपायचा आणि पुन्हा ओलं व्हायचं. वडिलांनी पाचाचे सात केले, सातांचे अकरा. उपाय चुकतो आहे असं त्यांना वाटलं नाही. आपणच कमी पडतो आहोत असं वाटलं. मार धर्माने सांगितलेला असला की तो अपयशी ठरूच शकत नाही. तो फक्त अपुरा ठरतो.

या शिकवणीची मुळं

बैठकीत सांगितला जाणारा श्लोक बहुतेकांना पाठ आहे: ‘लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्’. पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं मार, सोळाव्या वर्षी मित्र. तो चाणक्याच्या नावावर सांगतात आणि शाळेच्या भिंतींवरही तो मी रंगवलेला पाहिला आहे. पाठीवर मारा, डोक्यावर नको हा नियमही जुनाच आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बायको, मुलगा, दास, शिष्य आणि धाकटा भाऊ यांना दोरीने किंवा बांबूच्या कांबीने मारावं, पण शरीराच्या मागच्या बाजूवर, मस्तकावर कधीच नाही, असं सांगितलं आहे. ही यादीच बोलकी आहे. त्यातल्या दासाला मारणं आज गुन्हा आहे, बायकोला मारणं गुन्हा आहे. मुलगा तेवढा मागे राहिला.

हे एका धर्मापुरतं नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांत ‘जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो’ या अर्थाचं वचन आहे, आणि त्याच्या जोरावर पाश्चात्त्य देशांत पिढ्यानपिढ्या मुलांना मार बसला. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांची आई सुझाना हिने १७३२ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात आपली रीत सांगितली आहे: मूल वर्षाचं झालं की त्याला छडीला भ्यायला आणि हळू आवाजात रडायला शिकवलं जाई. आमच्या बैठकीतल्या कुणी हे पत्र वाचलेलं नाही. तरी रडण्याचा आवाज करायचा नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच. मला वाटतं, याचं कारण आहे. मुलाचं रडणं हीच मोठ्या माणसाचा हात थांबवणारी गोष्ट असते. ज्यांना मार पवित्र करायचा असतो, त्यांना आधी ते रडणं बंद करावं लागतं.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या पाहणीचा अहवाल काढला, त्यात महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसल्याचं त्यात आढळलं, आणि घरातला मार बहुतेक आईबापांचाच होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पोलिसांचा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वळ पाहता ते कलम लागू झालं असतं. दुसऱ्या बाजूला पालकाने बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्‌हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देणारं कलमही कायद्यात आहे: पूर्वी भारतीय दंड संहितेचं ८९, आता भारतीय न्याय संहितेचं २७. वडिलांच्या वकिलाने नेमका त्याचाच आधार घेतला असता. आणि घराची मुख्य कमाई वडिलांचीच.

दुसरा, बाल कल्याण समितीपुढे नेऊन मुलाला काही काळ बालगृहात ठेवणं. मार थांबला असता, पण निलेशच्या दृष्टीने ती त्याच्या अंथरुणाची शिक्षाच ठरली असती.

तिसरा पर्याय मुख्याध्यापकांनी सुचवला: वडिलांना लगेच शाळेत बोलावून समज द्यायची. त्यांचा हेतू चांगला होता. पण घरी छडी खुंटीवर असताना बापाला चारचौघांत खाली मान घालायला लावायची आणि मग मुलाला त्याच्याच हाती घरी पाठवायचं, यात धोका होता. बाईंनी ठाम विरोध केला. पूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला तोच वाटतो.

चौथा, थांबून बघायचं. ऑगस्टमध्ये बोटी सुटणार, वडील दर्यावर जाणार, प्रश्न हलका होणार. गावातल्या दोघा-तिघांनी हे सुचवलं. पण पुढच्या जूनचं काय? शिवाय धाकटी त्याच वाटेवर होती. अंगणवाडीताईंनी सांगितलं होतं की ती माडाच्या हिराने (झावळीच्या काडीने) बाहुलीला मारते आणि मग बाहुलीला वाकवून पाया पडायला लावते.

पाचवा, वडील ज्या श्रद्धेच्या भाषेत विचार करत होते, त्याच भाषेत बोलू शकेल असा माणूस गाठायचा. यालाही मर्यादा होती. उद्या कुणी दुसरा श्लोक काढला तर? ग्रंथांत दोन्ही बाजूंचं सापडतं.

काय केलं

पहिल्या आणि पाचव्याच्या मधली वाट धरली. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की मुलाला घरीच ठेवून पाहू, पण नवा वळ दिसला तर प्रकरण समितीपुढे जाईल. बाईंनी निलेशकडून १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ करून घेतला. वर्गातल्या सगळ्यांनाच करवला, म्हणजे तो एकटा पडला नाही.

मग उपजिल्हा रुग्णालय. आईला सोबत घेतलं. बालरोगतज्ज्ञांनी लघवी आणि साखर तपासली, दोन्ही ठीक. पोट तपासल्यावर त्यांनी शौचाबद्दल विचारलं, तेव्हा मुलाला तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही हे कळलं. कोठा जड असला की मूत्राशयावर दाब येतो आणि रात्री लघवी धरली जात नाही. डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं, पाणी दिवसा भरपूर आणि संध्याकाळनंतर बेताने प्यायला सांगितलं, झोपताना लघवीला नेण्याची सवय लावायला सांगितली. अशा मुलांपैकी दरवर्षी साधारण सातातल्या एकाचं काहीही न करता थांबतं, शिक्षेने मात्र ते लांबतं, हेही समजावलं. आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, “म्हणजे मॅडम, त्याच्या पोटात दुखायचं ते खरंच होतं?”

वडिलांशी बोलायला मी एकटी गेले नाही. वाडीत भजनी मंडळाचे बुवा आहेत, सत्तरी पार केलेले, माळकरी. वडील लहानपणी त्यांच्याच मंडळात झांजा वाजवायचे. बुवांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पुस्तिका मागून घेतली, रात्रभर ठेवली आणि सकाळी परत देताना एवढंच म्हणाले, “मी येतो.”

ती भेट निलेशच्या घराच्या ओटीवर झाली. बुवांनी दारू सोडल्याबद्दल आधी वडिलांची पाठ थोपटली. मग भागवतातली दामोदराची गोष्ट काढली. कृष्ण मडकं फोडून लोणी वानरांना वाटतो, यशोदा छडी घेऊन मागे धावते, त्याला धरते. “पुढं काय होतं, सांग बाबू,” बुवा म्हणाले. वडिलांना आठवेना. “पोर घाबरलंय हे तिनं बघितलं आणि छडी टाकून दिली. दशम स्कंधात सरळ लिहिलंय. देवाची आई ती. तिला संस्कार कळत नव्हते?”

वडील लगेच वितळले वगैरे काही नाही. ते म्हणाले, “पण बुवा, उखळाला बांधला ना तिनं?” बुवा म्हणाले, “बांधला. आणि दोरी दरवेळी दोन बोटं कमी पडली. ती दमली, घामाघूम झाली, तेव्हा त्यालाच दया आली. तुझा पोरगा तर रोज पाया पडतोय तुझ्या. आणखी किती बांधणार?”

यानंतर मी डॉक्टरांचा कागद पुढे केला आणि औषध कसं द्यायचं ते वडिलांनाच समजावलं. रात्री लघवीला उठवण्याचं काम आईऐवजी त्यांनी करावं असं सुचवलं. हे मुद्दाम होतं. बैठकीने त्यांना बाप म्हणून एक कर्तव्य दिलं होतं. ते नुसतं काढून घेतलं असतं तर हात रिकामा राहिला असता. कायद्याचंही बोललो, शेवटी आणि थोडक्यात: कक्षाला कळवलं आहे, पुन्हा वळ दिसले तर आमच्या हातात राहणार नाही. ते मान खाली घालून म्हणाले, “मॅडम, माझा बाप मला वल्ह्यानं मारायचा. मला वाटलं, मी निदान मोजून मारतो.”

परिणाम

नारळी पौर्णिमेला बोटी सुटल्या तेव्हा नवे वळ नव्हते. गोकुळाष्टमीच्या भजनात बुवांनी छडी टाकून देणाऱ्या यशोदेवरच निरूपण केलं, कुणाचं नाव न घेता. छडी आजीने बंबात घातली. तिने ती स्वतःहून घातली की निलेशच्या वडिलांच्या सांगण्यावरून, ते मला नीट कळलं नाही.

दिवाळीपर्यंत निलेशचं अंथरूण आठवड्यातून एखाद्या वेळी ओलं होत होतं, पुढच्या उन्हाळ्यात जवळजवळ थांबलं. पुढच्या बंदीच्या दोन महिन्यांत आम्ही मुद्दाम भेटी वाढवल्या. एकदा वडिलांनी त्याला थोबाडीत मारली, दुसऱ्या दिवशी स्वतःच बाईंना येऊन सांगितलं. याची नोंद केली, कक्षाला कळवलं. नंतर तसं काही आढळलं नाही.

जे सुधारलं नाही तेही नोंदवते. निलेश रडत नाही. खेळताना गुडघा चांगलाच फुटला तेव्हाही त्याने ओठ दाबून आकडे मोजले. कुणी आवाज चढवला की त्याचं अंग आजही ताठ होतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात आम्ही त्याला नेतो, पण तालुक्यापासून तिथवर जायला अख्खा दिवस मोडतो आणि आईचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. ‘मुलगा ठीक झाला’ असं म्हणायला मी तयार नाही.

वडील बैठकीला अजून जातात. दारूपासून लांब राहायला त्यांना तिचा आधार लागतो आणि तो तोडायला सांगणं आम्हाला योग्य वाटलं नाही. मुलांना मात्र ते नेत नाहीत.

वेगळं काय करता येईल

आजीला पहिल्यापासून सोबत घ्यायला हवं. अशा घरांत छडीची राखण बहुधा घरातली म्हातारी माणसंच करतात, आणि त्यांचा शब्द मुलाच्या बापावर चालतो. इथे आजी शेवटी वळली, पण तिच्याशी जुलैतच बोलणं झालं असतं तर मधले काही आठवडे वाचले असते.

अंथरूण ओलं होण्याची विचारपूस शाळेच्या आरोग्य तपासणीत नेहमीच व्हावी. पालक लाजेने सांगत नाहीत, मूल भीतीने सांगत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला आशाताईंच्या गृहभेटीत हा एक प्रश्न आला तरी पुष्कळ मुलं वाचतील.

बुवांसारखा माणूस प्रत्येक वाडीत नसतो. त्याच्यावर सगळा भार टाकणं बरोबरही नाही. उद्या एखादे बुवा उलट बाजूचेही निघतील. म्हणून श्रद्धेतून केलेली समजूत आणि कायद्याची नोंद या दोन्ही गोष्टी सोबत चालल्या पाहिजेत. नोंद नसती तर ती थोबाडीत कुणालाच कळली नसती.

सगळ्यांत कठीण प्रश्न पुस्तिकेचा. एका बापाचं मन वळवायला सगळ्यांचं मिळून एवढं बळ लागलं, आणि त्याच काळात ती पुस्तिका आणखी किती घरांत गेली असेल. बैठकीच्या स्थानिक मंडळींना आम्ही भेटलो, ते प्रकरण काढून टाकण्याची लेखी विनंती केली. ‘वर कळवतो’ असं उत्तर मिळालं. लेखी काही आलं नाही. ज्यांनी माईकवरून मार सांगितला त्यांनी माईकवरूनच तो मागे घ्यायला हवा, हे माझं ठाम मत आहे. घराघरात जाऊन वळ मोजण्याचं काम त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी का करायचं?

एक गोष्ट मात्र झाली. ही बैठक शाळेच्याच सभागृहात भरायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, आणि रविवारी त्याच छपराखाली मारण्याची पद्धत शिकवली जात होती. बाईंनी हा मुद्दा शाळा व्यवस्थापन समितीत मांडला. सभा वादळी झाली. दोन सदस्य बैठकीचे होते. शेवटी ठराव झाला की शाळेच्या आवारात मुलांना मारण्याचा उपदेश करणारं भाषण होणार नाही आणि तसं साहित्य वाटलं जाणार नाही. बैठक आता एका आंबा बागायतदाराच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत भरते. ग्राम बाल संरक्षण समितीतल्या अंगणवाडीताई आणि पोलीस पाटील महिन्यातून एकदा तिथे जाऊन बसतात. निलेशच्या घरानंतर त्याच बैठकीतल्या आणखी दोन आया आपणहून बाईंकडे आल्या आहेत. त्यांच्या घरचं काम सुरू आहे.